चपखल बसणारी रायफल

२४ एप्रिल १९१५ च्या सकाळी बेल्जममधील ईप्र शहराजवळच्या खंदकांत कॅनडाचे शिपाई आपल्याच रायफलींच्या बोल्टवर बुटांच्या टाचा मारीत होते. समोरून क्लोरीन वायूचा हिरवट ढग सरकत होता आणि त्याच्या पाठोपाठ जर्मन पायदळ येत होते. काही गोळ्या जलद झाडल्या की रिकामे काडतूस नळीच्या बुडाशी घट्ट रुतून बसे. ते निघत नाही तोवर मॅगझिनमधील पुढचे काडतूस वर येणार कसे? कोणी खंदक खणण्याच्या हत्याराच्या दांड्याने बोल्ट ठोकून मागे आणी, तर कोणी शेजारी मरून पडलेल्या इंग्रज शिपायाची ली-एन्फील्ड उचलून घेई.

या कॅनडियन रायफलीचे नाव रॉस. ती निकृष्ट मालाची होती असे म्हणावे, तर गोष्ट नेमकी उलट आहे.

बोअर युद्धाच्या काळात कॅनडाला इंग्लंडकडून पुरेशा ली-एन्फील्ड रायफली मिळेनात. त्या कॅनडातच बनविण्याचा कारखाना काढण्यासही इंग्रज कारखानदार तयार होईनात. साम्राज्याच्या लढाईत माणसे द्यावयाची, पण हत्यारासाठी मात्र दुसऱ्याच्या दारात उभे राहावयाचे, हे त्या देशाच्या स्वाभिमानाला बोचले. तेव्हा सर चार्ल्स रॉस हा स्कॉटिश उमराव आपल्या रायफलीचा नमुना घेऊन पुढे आला आणि लॉरिए यांच्या सरकारने त्याच्याशी करार केला. क्वेबेक शहरात कारखाना उभा राहिला. १९०५ मध्ये पहिल्या एक हजार रायफली घोडेस्वार पोलिसांकडे गेल्या, तेव्हाच तपासणीत ११३ दोष निघाले. ते दुरुस्त करीत करीत नमुन्यामागून नमुने निघाले आणि १९१० च्या सुमारास तिसरा मुख्य नमुना सिद्ध झाला.

रॉसचे वैशिष्ट्य तिच्या बोल्टमध्ये होते. ली-एन्फील्डचा बोल्ट आधी वर फिरवावा लागतो आणि मग मागे ओढावा लागतो. रॉसचा बोल्ट सरळ मागे ओढला की काम झाले. आतील आटे त्याला आपोआप फिरवीत. शिवाय तिची नळी लांब होती, आणि काडतूस जेथे बसते ती नळीच्या बुडाची कोठी, म्हणजे चेंबर, अगदी नेटके कोरलेले असे. काडतूस आत कसे चपखल बसावे! नेमबाजीत त्याचा फायदाच होतो. बिस्ले येथील प्रसिद्ध ‘किंग्ज प्राइझ’ १९११ आणि १९१३ या दोन्ही वर्षी कॅनडाच्या नेमबाजांनी रॉस रायफलीनेच जिंकले. १९११ मध्ये सेनामंत्री झालेले सॅम ह्यूज हे रॉसचे कट्टर अभिमानी. तिच्याविरुद्ध कोणी ब्र काढला तर तो देशाचाच अपमान, अशी त्यांची समजूत होती.

मग खंदकात बिघडले काय? पावसाळ्यात फुगलेले दार ज्याने खांद्याने ढकलून उघडले आहे, त्याला हे समजावयास वेळ लागणार नाही. काडतुसाचे पितळ बार उडताना फुगून कोठीच्या भिंतींना चिकटते आणि लगेच थोडे आकसते. ते सहज निघावयाचे तर भोवती केसभर मोकळीक हवी. कॅनडातील काडतुसे काटेकोर मापाची असल्याने ती मोकळीक राही. परंतु युद्ध सुरू झाल्यावर इंग्लंडमध्ये जे नवे-जुने कारखाने रात्रंदिवस काडतुसे पाडू लागले, त्यांच्या मालात इंचाच्या काही सहस्रांशांचा फरक पडत असे. ली-एन्फील्डची कोठी मुळातच सैल, म्हणून तिने हा फरक पोटात घातला. रॉसला ते जमले नाही. त्यात चिखल आणि तापलेली नळी यांची भर पडली. बोल्ट फिरविताना ली-एन्फील्डमध्ये काडतूस आधी उचकटून सैल होते. सरळ ओढीच्या रॉसमध्ये ते बळ फार थोडे.

दुसरे एक दुखणे उशिरा ध्यानात आले. मागे ओढलेला बोल्ट एका लहानशा अडसरावर जाऊन थांबे. रुतलेले काडतूस काढण्यासाठी शिपाई जितक्या जोराने बोल्ट ओढी, तितक्या जोराने त्याच्या आट्याची कड त्या अडसरावर ठेचली जाई. आणि ठेचलेला आटा पुढच्या खेपेस आणखीच अडकून बसे. म्हणजे इलाजानेच रोग वाढत होता. पुढे अडसर मोठा केला गेला आणि कोठ्याही किंचित रुंद कोरण्यात आल्या. पण शिपायाचा विश्वास एकदा उडाला, तो कानसीने घासून परत येत नाही. ईप्रच्या लढाईत कॅनडियन डिव्हिजनचे सुमारे सहा हजार लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. उरलेल्या पाच हजारांपैकी चौदाशेंहून अधिकांनी रॉस टाकून ली-एन्फील्ड उचलली होती. हुकूम नसताना शिपायाने स्वतःचे हत्यार टाकावे, याहून बोलका अहवाल कोणता?

याच लढाईत २६ एप्रिलला मदतीस धावून आलेल्या हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनवर ही पाळी आली नाही. १९१४ मध्ये मार्सेल्स बंदरात उतरताच त्यांच्या जुन्या रायफली बदलून त्यांना नव्या ली-एन्फील्ड दिल्या गेल्या होत्या.

जून १९१५ मध्ये पहिल्या कॅनडियन डिव्हिजनच्या रॉस काढून घेण्यात आल्या. मागून आलेल्या डिव्हिजनांना मात्र १९१६ पर्यंत त्याच वागवाव्या लागल्या, कारण ओटावात वाद चालू होता. सेनापती ऑल्डर्सन यांनी रायफलीचे दोष स्पष्टपणे लिहून कळविले, तेव्हा ह्यूज यांनी त्यांनाच झोडपणारे उत्तर लिहिले आणि त्याच्या प्रती त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांकडे धाडल्या. मे १९१६ मध्ये ऑल्डर्सन यांचे सेनापतिपद गेले. त्याला इतरही कारणे होती, पण हे एक होतेच. नोव्हेंबरात खुद्द ह्यूज यांना मंत्रिपद सोडावे लागले आणि मार्च १९१७ मध्ये सरकारने क्वेबेकचा कारखाना ताब्यात घेतला.

तथापि आघाडीवरून रॉस पूर्णपणे गेली नाही. दबा धरून एकेक गोळी झाडणाऱ्या नेमबाजांनी ती हट्टाने जवळ ठेवली. ओजिब्वे या मूळनिवासी जमातीतील फ्रान्सिस पेगामागाबो हा त्या युद्धातील सर्वांत नामांकित नेमबाजांपैकी एक. त्याच्या हातात रॉसच होती. नेमबाजाला घाई नसते. तो काडतुसे निवडून घेऊ शकतो, पुसून बोल्टपुढे ठेवू शकतो आणि एक गोळी झाडून दुसरीसाठी तासभर वाट पाहू शकतो.