गुरूचा शोध आणि मार्गदर्शकाची माघार

मराठी वाङ्मयेतिहासात बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गुरुशिष्यसंबंधाच्या दोन भिन्न रूपांचे ठिकाण आहे. मुकुंदराजांची समाधी परंपरेने येथे मानली जाते. त्यांचा 'विवेकसिंधू' (शके १११०) हा गुरुशिष्यसंवादाच्या रूपात रचलेला ग्रंथ आहे. त्याच्या काळाविषयी आणि स्थळाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी आदिनाथापासून चालत आलेल्या गुरुपरंपरेच्या आधारावर तो उभा आहे. दासोपंतांची (१५५१-१६१५) चरित्रकथा याहून निराळी. बिदरच्या दरबारातील ओलिसातून सुटलेला हा देशपांड्यांचा मुलगा पुढे घर सोडतो, माहूरला बारा वर्षे तप करतो, गोदाकाठच्या राक्षसभुवनी त्याला पादुका लाभतात, आणि अखेर गुरू म्हणून भेटतो तो प्रत्यक्ष दत्तात्रेय. एकीकडे परंपरेने लाभलेला मानवी गुरू, तर दुसरीकडे शोधाअंती गुरू म्हणून प्रकटणारा देव. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील 'गुरू' या शब्दाला केवळ भाषांतराचा पेहराव मानण्याची आपल्या समीक्षेची सवय ही दोन रूपे नजरेआड करते.

ख्रिस्ती परंपरेतही आध्यात्मिक मार्गदर्शकाचे स्थान एकरूप नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांकडे साधक जात, त्यांना 'अब्बा' म्हणजे पिता म्हणत आणि मनातले विचार त्यांच्यापुढे उघडे करीत. या संबंधात आज्ञापालनाला मोठे मोल होते. इग्नाशियस लोयोलाच्या साधनाग्रंथाने (१५४८) मात्र मार्गदर्शकावर एक बंधन घातले. साधना करविणाऱ्याने साधकाला कोणत्याही निर्णयाकडे झुकवू नये. तराजूच्या काट्याप्रमाणे मध्यावर राहावे आणि निर्मात्याला साधकाशी थेट व्यवहार करू द्यावा. म्हणजे येथे मार्गदर्शक शोधायचा, तो आपल्या वाटेतून वेळीच बाजूला होईल म्हणून.

याच इग्नाशियसच्या संघातील थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली, म्हणजे दासोपंतांच्या निधनानंतर वर्षभरात, छापून निघाले. नवख्रिस्ती श्रोते प्रश्न करतात आणि 'पाद्री गुरू' उत्तरे देतो, ही त्याची निवेदनाची चौकट आहे. ती मुकुंदराजांच्या जवळची आहे, इग्नाशियसच्या नव्हे. श्रोत्यांचे पूर्वीचे ग्रंथ हिरावले गेले होते आणि त्यांची जागा भरून काढणे हे पुराणाचे प्रयोजन होते. अशा वेळी उत्तर देणाऱ्याला मध्यावर राहता येत नाही. धर्मसत्तेच्या छायेतला हा गुरू शिकवू शकतो, परंतु बाजूला होऊ शकत नाही.

ही माघार मराठीत घडली ती नारायण वामन टिळकांच्या (१८६१-१९१९) बाबतीत, आणि तीही वेगळ्याच रीतीने. १८९३ साली राजनांदगावच्या आगगाडीत एका अपरिचित युरोपीय गृहस्थाने त्यांना 'नवा करार' दिला. पुढे एका मिशनऱ्याशी त्यांनी निनावी पत्रव्यवहार केला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पहिल्या भेटीत वाट दाखवणाऱ्याचे नाव अज्ञात, तर पत्रव्यवहारात वाट विचारणाऱ्याचे नाव झाकलेले! दोन्ही ठिकाणी व्यक्ती मागे राहिली. टिळकांच्या कवितेत मग 'गुरू' आणि 'माउली' ही दोन्ही संबोधने ख्रिस्ताकडे गेली. यात प्रॉटेस्टंट शिकवण आहेच. परंतु मराठी मनाला देवच गुरू होण्याची कल्पना दासोपंतांच्या कथेने आधीच परिचित करून दिली होती, हेही तितकेच खरे. १९१७ साली मिशनच्या चाकरीतून मुक्त होऊन त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती.

या भूमिकेची कसोटी मात्र टिळकांच्या घरातच लागली. लक्ष्मीबाईंनी पतीला गुरू मानून धर्मांतर केले नाही. ताटातूट, संताप आणि सोवळ्याओवळ्याचा स्वतःशीच घातलेला वाद यांतून त्या १९०० साली, पाच वर्षांनी, बाप्तिस्म्यापर्यंत पोहोचल्या. 'स्मृतिचित्रे' या दृष्टीने वाचली, तर ती आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या मर्यादांचीही नोंद ठरतात. पतीच्या शब्दाला आज्ञेचे वजन असलेल्या घरात ही पाच वर्षे लक्ष्मीबाईंची स्वतःची होती.

ज्या अमेरिकन मराठी मिशनशी टिळकांचे आयुष्य जोडले गेले, त्याच मिशनचे जस्टिन अॅबट यांनी उत्तरायुष्यात दासोपंतांचे चरित्र इंग्रजीत अनुवादिले. शिकवायला आलेल्या परंपरेतील एक माणूस अशा प्रकारे अंबाजोगाईच्या कथेचा वाचक झाला. गुरू आणि शिष्य या जागा अदलाबदल होऊ शकतात, हे 'ख्रिस्तपुराणा'च्या चौकटीत न मावलेले सत्य या अनुवादाने कृतीतून मान्य केले.