लाँग राइडआधी बाईकचं इंजिन ऑइल कसं तपासायचं आणि कसं बदलायचं?

मे महिन्यात यवतमाळहून चिखलदऱ्याला जायचं ठरलं की आपण टायरची हवा बघतो, पेट्रोल भरतो, मोबाईल चार्ज करतो आणि निघतो. इंजिन ऑइल मात्र ‘सर्व्हिसिंगला टाकलं होतं ना’ म्हणून राहून जातं. नेर, अमरावती, परतवाडा करत घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत गाडी काही तास ४४-४५ अंशांच्या उन्हात चाललेली असते. पुढे जवळपास ११०० मीटर उंचीपर्यंतचा चढ, डबलसीट, मागे बॅगा आणि पहिला-दुसरा गिअर. ऑइल कमी असेल तर ते नेमकं इथे कळतं, आणि तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

ऑइल तपासायला पाच मिनिटं लागतात. इंजिन जाम झालं तर बोअर-पिस्टनचं काम निघतं आणि खर्च हजारांत जातो. म्हणून हे पाच मिनिटांचं काम नीट समजून घेऊया.

ऑइल नेमकं काय करतं?

बंडीच्या चाकाला वंगण घालतात ते घर्षण कमी व्हावं म्हणून. इंजिनातही ऑइलचं पहिलं काम तेच, पण तेवढंच नाही.

• थंड ठेवणं: रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० सारख्या एअर-ऑइल कूल्ड गाडीत रेडिएटर आणि कूलंट नसतं. आतली बरीचशी उष्णता ऑइलच वाहून नेतं. घाटात गाडी हळू चालते, इंजिनावर वारा कमी लागतो, तेव्हा ऑइलवरचा भार आणखी वाढतो.
• साफ ठेवणं: कार्बन आणि धातूचे बारीक कण ऑइल स्वतःत धरून ठेवतं आणि फिल्टरकडे नेतं.
• क्लच आणि गिअर: बहुतेक बाईक्समध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात. कारचं ऑइल बाईकमध्ये का चालत नाही, याचं कारण हेच.

ऑइलची लेव्हल कशी तपासायची?

१. गाडी सपाट जागेवर सरळ उभी करा. मेन स्टँड नसेल तर मित्राला हँडल धरायला सांगा. साइड स्टँडवर गाडी कललेली असते, त्यामुळे लेव्हल चुकीची दिसते.
२. इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवा आणि बंद करा. हे मोकळ्या जागेत करा, बंद खोलीत नको.
३. ऑइल खाली उतरायला दोन-तीन मिनिटं द्या. किती वेळ थांबायचं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.
४. गाडीला काचेची खिडकी असेल तर मोबाईलचा टॉर्च मारून बघा. ऑइल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये दिसायला हवं.
५. डिपस्टिक असेल तर ती काढून कोरड्या फडक्याने पुसा, परत आत घाला आणि काढून बघा. बऱ्याच गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, काहींत पूर्ण फिरवायची असते. आपल्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये बघा.

लेव्हल खालच्या खुणेजवळ असेल तर त्याच ग्रेडचं ऑइल थोडं थोडं टाकून परत बघा. वरच्या खुणेपुढे जाऊ नका. ऑइल जास्त झालं तर त्याला फेस येतो, सीलवर दाब पडतो आणि गळती सुरू होऊ शकते.

रंगावरून काय कळतं?

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, असं सरसकट नसतं. घाण धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण पुढच्या तीन गोष्टी दिसल्या तर गाडी मेकॅनिककडे न्या:

• दुधाळ किंवा चहासारखा रंग: ऑइलमध्ये पाणी गेलंय. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे नक्की तपासा.
• पेट्रोलचा वास आणि वाढलेली लेव्हल: ऑइलमध्ये पेट्रोल उतरतंय.
• चमकणारे धातूचे तुकडे: आतला एखादा भाग झिजतोय.

कोणतं ऑइल घ्यायचं?

बाटलीवर तीन गोष्टी वाचा.

ग्रेड: स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० चालतं, तर क्लासिक ३५० ला १५डब्ल्यू-५० लागतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा गरम इंजिनात ते किती जाड राहतं ते सांगतो. ‘उन्हाळा आहे, जाड ऑइल टाक’ असं कुणी म्हटलं तरी मॅन्युअलमधलाच ग्रेड घ्या.

जासो: हे जपानचं मानक आहे. ओल्या क्लचच्या बाईकसाठी एमए किंवा एमए२ हवं. एमबी हे ऑटोमॅटिक स्कूटरसाठी असतं. ते बाईकमध्ये टाकलं तर क्लच घसरू शकतो: इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी पळत नाही.

एपीआय: एसएल, एसएम, एसएन अशी अक्षरं असतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेली किंवा त्यापुढची श्रेणी घ्या.

बाटलीचं सील बघा, तारीख बघा आणि पक्कं बिल घ्या.

ऑइल कसं बदलायचं?

लागणारं सामान: योग्य मापाचा पाना, नवं ऑइल, नवा फिल्टर, ड्रेन नटचा नवा वॉशर, नरसाळं, जुना टब, हातमोजे.

१. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून कोमट करा. कोमट ऑइल घाण घेऊन पटकन उतरतं. सायलेन्सरला हात लागू देऊ नका.
२. खाली टब ठेवा, वरचं झाकण उघडा आणि ड्रेन नट काढा. ऑइल पूर्ण निथळू द्या.
३. फिल्टर बदला. जुना काढतानाच त्याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे नवा उलटा बसणार नाही. ओ-रिंगही तपासा.
४. नवा वॉशर लावून ड्रेन नट आधी हातानेच बसवा, मग पान्याने आवळा. अंगातली ताकद लावून आवळलं तर इंजिनाच्या अॅल्युमिनियममधले आटे जातात आणि ते काम महागात पडतं. शक्य असेल तर टॉर्क पाना वापरा.
५. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमी ऑइल टाका. फिल्टर बदलल्यावरचं माप वेगळं असतं, ते बघा.
६. इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करा, गळती बघा आणि लेव्हल वरच्या खुणेच्या आत आणा.

गाडी वॉरंटीत असेल तर अटी आधी वाचा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच ऑइल बदलून घ्या.

जळक्या ऑइलचं काय करायचं?

गावाकडे दार-चौकटीला वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल लावतात. पण त्यात कर्करोगाला कारण ठरू शकणारे घटक असतात, त्यामुळे हात लागला तर साबणाने धुवा. नालीत किंवा शेतात तर अजिबात ओतू नका. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. रिकाम्या बाटलीत भरून ते सर्व्हिस सेंटरला द्या.

नेहमीचे प्रश्न

ऑइल किती किलोमीटरला बदलायचं?
काही गाड्यांना ३०००, काहींना ५०००, तर काहींना १०,००० किमी. मॅन्युअलमध्ये महिनेही दिलेले असतात. जे आधी पूर्ण होईल ते धरायचं. ऑइल बदललं की ओडोमीटरचा फोटो काढा आणि फोनमध्ये रिमाइंडर लावा.

मॅन्युअल हरवलंय, मग?
बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळतं. ते डाउनलोड करून ठेवा, घाटात नेटवर्क असेलच असं नाही.

चालू गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर?
गाडी बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. हा दिवा सहसा ऑइलचा दाब कमी झाल्यावर लागतो, म्हणजे लेव्हल आधीच खूप खाली गेलेली असू शकते. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ असं करू नका. अनेक गाड्यांना हा दिवाच नसतो, त्यामुळे दिव्याच्या भरवशावर राहू नका.

लांबच्या प्रवासात रोज तपासायचं का?
हो. रोज सकाळी निघण्याआधी एकदा बघा आणि त्याच ग्रेडची छोटी बाटली बॅगेत ठेवा.