प्लेट नागालँडची, रस्ता आमचा : कर कोण भरतो आणि कोण चुकवतो

तेरखेड्याच्या हायवेवर रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास उभं राहून बघा. सोलापूर-धुळे रस्ता हा. फटाक्यांच्या दुकानांसमोरून लांब पल्ल्याच्या स्लीपर बस एकामागून एक जातात. काचेवर आपल्याच गावांची नावं, चालक आपल्याच भागातला, पण नंबर प्लेट एनएल, एआर नाही तर डीडी. म्हणजे नागालँड, अरुणाचल आणि दमण. ही बस कोहिमाला कधी गेली होती, असं चालकाला विचारलं तर तो हसतो. आम्ही विचारून पाहिलं आहे.

आमच्या अभ्यासवर्गात एका पोराने विचारलं, "हे कायद्याने चालतं का?" त्याचं उत्तर देता देता आम्ही थेट बाबासाहेबांच्या प्रबंधापर्यंत जाऊन पोहोचलो.

अमेरिकेत या खेळाचं मोठं रूप सापडतं. तिथे लोक चाकांवरचं घर घेतात, म्हणजे मोटारहोम. किंमत लाखो डॉलर, आणि राहत्या राज्यात त्यावर भरपूर विक्रीकर. मग काही जण मोंटाना राज्यात कागदावर एक कंपनी उभी करतात. मोंटानात सर्वसाधारण विक्रीकर नाही. घर त्या कंपनीच्या नावावर, मालक कॅलिफोर्नियात, आणि कंपनीचं ऑफिस म्हणजे एक पत्रपेटी. इतर राज्यांची कर खाती अशा मालकांच्या मागे लागलेली असतात, तरी धंदा चालूच आहे.

आपल्याकडे मोंटानाच्या जागी पुद्दुचेरी आहे. 2017 मध्ये केरळमधल्या सिनेनटांच्या महागड्या मोटारी पुद्दुचेरीच्या पत्त्यावर नोंदवलेल्या आढळल्या आणि गुन्हे दाखल झाले. महाराष्ट्रातल्या श्रीमंतांनाही ही वाट माहीत आहे. मात्र इथे कंपनीची युक्ती उलटी पडते, कारण महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या किंवा परदेशातून आणलेल्या मोटारीला सरसकट 20 टक्के कर आहे. म्हणून कंपनीसोबत पत्ताही परराज्यात न्यावा लागतो.

मोटार वाहन कायदा 1988 याबाबत स्पष्ट आहे. कलम 40 सांगतं की मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी जिथे नेहमी ठेवली जाते, त्या राज्यातल्या कार्यालयात नोंदणी करावी. कलम 47 सांगतं की दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नवा क्रमांक घ्यावा. पण गाडी 12 महिन्यांहून जास्त इथेच आहे हे सिद्ध कोण करणार? सगळी पळवाट या एका प्रश्नात आहे.

आता जरा मागे जाऊ. सीमा ओलांडून कर वाचवण्याचा प्रकार आपल्या भागाला नवा नाही. तेरखेडा निजामाच्या राज्यात होतं आणि शेजारची बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. हद्द ओलांडणाऱ्या मालावर निजामाचं करोडगिरी खातं जकात घ्यायचं. बार्शीची कापसाची पेठ वाढली ती या हद्दीवरच. एका राज्यात एक दर आणि शेजारी दुसरा असला की मधल्या जागेत पैसा करणारे उभे राहतातच. बैलगाडीच्या काळातही राहिले होते.

याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब तिला आले. त्याच वर्षी मुंबई सरकारने वतनाच्या जमिनींवर नवा कर लादला, तेव्हा ऑगस्टमध्ये सिन्नरच्या परिषदेत बाबासाहेबांनी करबंदीची भाषा केली आणि प्रश्न गव्हर्नरपर्यंत नेला. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. इथे थोडं थांबून बघू. आपल्या माणसांनी अन्यायाचा कर नाकारला, पण तो उघड नाकारला. परिषद भरवली, ठराव केला, नाव-गाव सांगून उभे राहिले. वतनाची जमीन दुसऱ्या संस्थानात दाखवून कोणी पळालं नाही. खरं तर तशी पळायची सोयही आपल्याकडे कधी नव्हती.

1927 मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी नेमकं यावर बोट ठेवलं होतं. आयकरात कमी उत्पन्नाच्या माणसाला सूट आहे, मग शेतसारा एक-दोन एकरवाल्याकडूनही का घेता? 1925 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषयच ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवहार हा होता. 1833 नंतर सगळा महसूल केंद्राच्या हाती, 1871 पासून प्रांतांना थोडे अधिकार, हा सगळा प्रवास त्यात आहे. प्रांताने खर्च करायचा आणि पैशाची जबाबदारी दुसऱ्याची, अशाने कारभार कसा बिघडतो हे त्यातून कळतं.

पुढे संविधानात वाहनांवरचा कर राज्य सूचीत गेला (नोंद 57). पण अशा करांची तत्त्वं ठरवण्याचा विषय समवर्ती सूचीत ठेवला (नोंद 35). म्हणजे दर राज्याने ठरवावा, तरी देशभर मेळ घालण्याची वाट मोकळी ठेवली. 2018 मध्ये राज्यांच्या परिवहन मंत्र्यांच्या गटाने देशभर 8, 10 आणि 12 टक्के असे समान दर सुचवले. पुढे 2021 च्या बीएच मालिकेला हेच दर लागले, पण ती मालिका ठरावीक नोकरदारांपुरतीच.

आता हिशेब. महाराष्ट्रात 100 ते 299 सीसीच्या मोटारसायकलला 11 टक्के एकरकमी कर आहे. एक लाखाच्या गाडीला 11 हजार. 20 लाखांवरच्या पेट्रोल मोटारीला 13 टक्के, पण वर मर्यादा. ती पूर्वी 20 लाख होती, 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाख झाली. तीन कोटींच्या मोटारीला 13 टक्क्यांनी 39 लाख होतात, भरायचे 30. म्हणजे 10 टक्के. जुन्या मर्यादेने तर पावणेसात टक्क्यांच्याही आत. फटाक्याच्या कारखान्यात कामाला जाणारा पोरगा 11 टक्के भरतो. तीन कोटीवाल्याला कायद्यानेच त्याच्यापेक्षा कमी दर, आणि तोही जड वाटला तर पुद्दुचेरी आहेच.

"राज्याचं बुडलं तर आपलं काय गेलं?" असं काही कार्यकर्तेही म्हणतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत 2020-21 पासून 40 टक्के वाटा राज्याचा आहे. तो वेळेवर येत नाही आणि कॉलेज फीसाठी अडवतं, हे पोरांना वेगळं सांगायला नको. तिजोरीत पैसा नाही हे उत्तर आम्ही प्रत्येक वेळी ऐकतो. त्या तिजोरीत काय यायला हवं होतं आणि काय आलं नाही, हे विचारण्याचा हक्क सर्वांत आधी आपला आहे. उत्तरात त्यांनी बस व्यवसायाच्या अडचणी सांगू नयेत. करांचे चढे दर आम्हालाही खुपतात, त्यावर उघड बोलू. लपवाछपवीत मात्र आणखीही काही लपतं. ऑक्टोबर 2025 मध्ये कर्नूलजवळ जळालेल्या हैदराबाद-बेंगळुरू बसवर दमणचा नंबर होता. तपासणी कुठे, मालक कुठे आणि रस्ता कुठे, हे प्रश्न मग माणसं जळाल्यावर पडतात.

अभ्यासवर्गाने ठरवलंय की परराज्यातल्या किती वाहनांना कलम 47 खाली नोटिसा दिल्या आणि किती कर वसूल झाला, याची माहिती धाराशिवच्या परिवहन कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागायची. अर्ज लिहायला घेतला तेव्हा पहिला प्रश्न विचारणाऱ्या त्या पोराने आपलं आरसी बुक टेबलावर ठेवलं. एमएच-25, जुनी मोटारसायकल, एकरकमी कर भरलेला.