काचेवरचा सूर्य

आमच्या देवगड तालुक्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. 18 ऑगस्ट 1868च्या खग्रास ग्रहणात लॉकियरसाहेबाने या कट्ट्यांवर दुर्बीण मांडली आणि हेलियम शोधला, असे सांगतात. मीही अनेक वर्षे पाहुण्यांना हेच सांगत आलो. पुढे वाचू लागलो तेव्हा कळले, की त्या ग्रहणाला नॉर्मन लॉकियर हिंदुस्थानात नव्हताच. जान्सेन गुंटूरला होता. लॉकियरने त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडातून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गला तो आला 22 जानेवारी 1898च्या ग्रहणाला. 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेचे खलाशी त्याच्या हाताखाली होते. कट्टे त्या वेळचे असावेत, असे माझे मत आहे. गावात हे बोललो, तर दोघेतिघे अजून माझ्यावर नाराज आहेत.

माझे कुतूहल मात्र पुढे वेगळ्याच प्रश्नाकडे वळले. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात घेतलेली छायाचित्रे परमुलखातून सुखरूप घरी न्यायची कशी?

1868 साली गुंटूरला टेनंटने सहा छायाचित्रे घेतली, ती ओल्या कोलोडियनच्या काचांवर. काच ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे. 1898पर्यंत कोरड्या काचा आल्या होत्या. त्यांच्यावर जिलेटिनचा थर तयार लावलेला असे आणि त्या नंतर धुतल्या तरी चालत. पण न धुतलेल्या काचेची पेटी कुणी उजेडात उघडली, की सगळे गेले. धुतलेली काच उजेडाला भीत नाही, पण फुटते. एका काचेवरून दुसरी छापता येई, मात्र प्रत्येक नकलेत थोडा बारकावा गळे. वर्णपटाच्या बारीक रेषा मोजणाऱ्याला मूळ काचच हवी. म्हणजे खरा ऐवज एकच, आणि तो आगबोटीतून जायचा.

त्या दिवशी ग्रहणाची सावली आमच्या किनाऱ्यावरून जेऊर, पुलगाव, बक्सर अशी ईशान्येला गेली. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कँपबेल होता, तसेच पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे नेगमवालाही. तळणीला ॲनी माँडर यांनी एका छोट्या कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा लांबच लांब किरण टिपला. त्यांच्या मोहिमेचे सचित्र पुस्तक 1899 साली निघाले. छापणे हीच तेव्हाची सर्वांत भरवशाची दुसरी प्रत.

बक्सरला नेव्हिल मॅस्केलिन हा जादूगार चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन आला होता. त्याने ग्रहण फिल्मवर घेतले. परतीच्या प्रवासात ती फिल्म चोरीला गेली! प्रत नव्हती. 28 मे 1900च्या ग्रहणाला तो पुन्हा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाला गेला. त्या वेळची फिल्म लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत राहिली आणि दुरुस्त होऊन 2019 साली लोकांसमोर आली. बक्सरची मात्र कुणालाच दिसणार नाही.

हे सारे मला लंडनला मुलीकडे गेलो तेव्हा फार जवळचे वाटले. जुन्या अहवालांची पाने मोबाइलवर टिपत होतो. लेक रोज रात्री, मी कुरकुरत असताना, ती लॅपटॉपवर उतरवी आणि आणखी एक प्रत इंटरनेटवरून देवगडला भावाच्या नावे पाठवी. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी, असा तिचा हिशेब. "बाबा, तुमचा साहेब असतां तर त्येनाव ह्याच केल्यान असतां," म्हणाली. बाराव्या दिवशी फोन बसमध्ये राहिला आणि सापडला नाही. गेली ती फक्त त्या दिवशीची चित्रे. लॉकियरला न मिळालेली एक सोय मला होती: अंकांची नक्कल मुळाइतकीच खरी असते.

उलट, दहा वर्षांपूर्वी घेतलेली कट्ट्यांची माझी चित्रे एकाच हार्ड डिस्कवर होती. देवगडच्या खाऱ्या दमट हवेत ती बंद पडली. तेव्हा कडेचे काही चिरे जागेवर होते. आता नाहीत, आणि ते कुठे होते हे दाखवायला माझ्याकडे पुरावा नाही.

लॉकियरची वेधशाळा साउथ केन्सिंग्टनला होती. 1913 साली ती केंब्रिजला हलली. विजयदुर्गच्या ग्रहणाचे वेध लंडनच्या शास्त्रीय नियतकालिकात छापले गेले. गावात मागे राहिले कट्टे, आणि तीस वर्षांनी चुकलेली तारीख. यंदा मोहर यायच्या आत उरलेले कट्टे पुन्हा मोजून टिपणार आहे. एक प्रत लंडनला जाईल, एक गावच्या शाळेत राहील.