वाजवलेल्या गिटारीचे मोल

जुने वाद्य मूळ रूपात जपावे, की सोयीप्रमाणे बदलून वाजवावे? या प्रश्नाचे एक बोलके उत्तर आम्हांस 'ब्लॅकी' नावाच्या गिटारीच्या इतिहासात सापडते.

१९७० साली इंग्लिश वादक एरिक क्लॅप्टन याने अमेरिकेतील नॅशव्हिल येथे सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी खरेदी केल्या. तीन मित्रांना दिल्या; उरलेल्या तीन खोलून त्यांच्या उत्तम भागांतून त्याने एकच काळी गिटार सिद्ध केली. संग्राहकाच्या लेखी हा अपराधच, कारण मूळ भाग बदलले की जुन्या गिटारीची किंमत उतरते. क्लॅप्टनने मात्र ती १९८५ पर्यंत मैफलींत अखंड वाजवली. हाताच्या घर्षणाने तिची लाकडी मान झिजली.

२००४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात याच गिटारीला ९,५९,५०० डॉलर मिळाले. व्यसनातून सावरलेल्या क्लॅप्टनने १९९८ साली अँटिग्वा बेटावर स्थापिलेल्या व्यसनमुक्ती केंद्रासाठी तो लिलाव होता.

अस्पर्शित जुनी गिटार ही कारागिरीची साक्ष होय; ती जपलीच पाहिजे. परंतु ब्लॅकीला मोल आले ते वादनाने. आपल्या घरी आजोबांचे व्हायोलिन पेटीत निजले असेल, तर वाचकहो, ते गायनवृंदातील एखाद्या मुलाच्या हाती द्यावे, असे आम्हांस वाटते.