कानाने पळवलेली लिपी

सॅम्युअल मोर्स पेशाने चित्रकार. त्याने आणि आल्फ्रेड व्हेल या सहकाऱ्याने घडवलेलं तारयंत्र ऐकण्यासाठी नव्हतंच. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तारमार्गाचं उद्घाटन झालं, तेव्हा संदेश कागदाच्या पट्टीवर उमटला. चावीच्या यंत्रणेवर पट्टी सरकायची, विद्युतचुंबक टोचणी दाबायचा आणि बिंदू-रेषांचे ठसे उठायचे. कारकुनाने पट्टी डोळ्यांसमोर धरून मजकूर लावायचा.

यंत्राच्या खडखडाटाचा कुणी हिशेबच धरला नव्हता. पण तारघरात तेव्हा कोवळी पोरं पुष्कळ असत आणि दिवसभर तो आवाज कानावर पडून त्यांना पट्टीकडे न बघताच मजकूर कळायला लागला. केंटकीतल्या जेम्स लिओनार्डचं नाव या बाबतीत आवर्जून घेतलं जातं. तो तर मिसरूडही न फुटलेला पोरगा. वरच्या साहेबांना हे रुचलं नाही. कानाचा भरवसा काय, आणि चूक झाली तर पुरावा कुठला? पण कानाने काम भरभर होई, कागद वाचे आणि नजर लिहिण्यासाठी मोकळी राही. शेवटी १८५०च्या दशकात पट्टी काढून टाकलेलं, नुसतं ‘कट्ट’ वाजणारं साउंडर आलं. पोरांची चोरी कायदेशीर झाली, असंच म्हणायचं.

लिपीही दरम्यान बदलली. ज्या अक्षराचे छापखान्यात खिळे जास्त, त्याला खूण आखूड, हा मूळ हिशेब. म्हणून इंग्रजी ‘ई’ला एकच बिंदू आणि ‘टी’ला एकच रेषा. पण अमेरिकी मोर्समध्ये काही अक्षरांच्या पोटातच मोकळी जागा होती. १८४८ मध्ये हॅम्बुर्ग-कुक्सहाफेन मार्गासाठी फ्रिडरिश गेर्के या जर्मनाने त्या खाचा काढून टाकल्या. त्याच्या आवृत्तीवर आधारलेली लिपी १८६५ मध्ये पॅरिसच्या परिषदेने आंतरराष्ट्रीय ठरवली. रेडिओवर आजही तीच ऐकू येते.

बिनतारी आली आणि ऐकणं हा छंद व्हायला वाट मिळाली. तारेवरचं बोलणं ऐकायला तारघरातच बसावं लागे. हवेतलं कुणीही पकडावं. वेल्समधल्या गेलिग्रोस गावी आर्टी मूर या गिरणीवाल्याने घरीच यंत्र बांधलं होतं. १५ एप्रिल १९१२च्या पहाटे त्याला टायटॅनिकचे मदतीचे संदेश ऐकू आले. त्याने पोलिसांना जाऊन सांगितलं. त्यांनी वेड्यात काढलं. दोन दिवसांनी वर्तमानपत्रांत बातमी आली. पुढे तो मार्कोनीच्या कंपनीत लागला, हे ओघाने आलंच.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने अशा हौशींना गुपचूप कामाला लावलं. सुमारे दीड हजार माणसं आपापल्या घरी हेडफोन लावून जर्मन हेरखात्याचे पाच-पाच अक्षरांचे गट उतरवून घेत आणि ‘बॉक्स २५, बार्नेट’ या पत्त्यावर टपालाने धाडत. अर्थ त्यांना कळत नसे. पण पलीकडच्या माणसाचा हात ते ओळखत. सांकेतिक नाव बदललं तरी कळ दाबण्याची लकब बदलत नाही. मला या सगळ्या कुळकथेतला हा सर्वांत सरस भाग वाटतो.

आजच्या छंदिष्टाला एक तांत्रिक अडचण असते. मोर्स पाठवणारा केवळ लहर चालू-बंद करतो. साध्या रेडिओवर त्याचा नुसता फुसफुसाट येतो. म्हणून ग्राहकयंत्र स्वतः एक लहर तयार करून तीत मिसळतं. दोहोंत सातशे हर्ट्झचा फरक ठेवला की त्या फरकाचीच शिट्टी कानी पडते. ७ मेगाहर्ट्झच्या हौशी पट्ट्याच्या खालच्या टोकाला संध्याकाळी अशा शिट्ट्यांची दाटी असते.

शिकताना तक्ता घोकणारे हमखास अडतात, कारण ते मनात बिंदू मोजत बसतात. म्हणजे पुन्हा डोळ्यानेच वाचतात. १९३०च्या दशकात लुडविग कोख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने सुचवलं, की पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने ऐकावं, पण दोनच अक्षरं. ती पक्की झाली की तिसरं. गाण्यात कानसेन तयार होतो तो याच वाटेने.

२०१३ मध्ये भारतातली तारसेवा थांबली तेव्हा मोर्ससाठीही उसासे निघाले. खरं तर तारखातं तोवर केव्हाच टेलिप्रिंटर आणि संगणकावर गेलं होतं. मोर्स मात्र इतरत्र टिकून आहे. मुंबईचं व्हीओआर, म्हणजे विमानांना दिशा दाखवणारं रेडिओ-केंद्र, ‘बीबीबी’ ही आपली ओळख मोर्समध्येच वाजवतं. वैमानिक ती ऐकून योग्य केंद्र लावल्याची खात्री करतो.

आता मोर्स ऐकून पडद्यावर अक्षरं उमटवणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. मोर्सची पट्टी परत आली म्हणा. यंत्राने पाठवलेला स्वच्छ संदेश ती बिनचूक लावतात. पण हवेत कडकडाट असला, किंवा पाठवणाऱ्याचा हात जरा डगमगला, की पडद्यावर नुसते ‘ई’ आणि ‘टी’ सांडत राहतात.