इम्पॉन्डरेबिलिटी

इम्पॉन्डरेबिलिटी : वजनरहितता दर्शविणारी, आता क्वचितच वापरली जाणारी इंग्रजी संज्ञा. तिचे मूळ ‘वजन करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. अठराव्या शतकात उष्णता, प्रकाश, वीज व चुंबकत्व ही वजनरहित द्रव्ये मानली जात. रसायनशास्त्रज्ञ लव्हॉयझर यांनी 1789 मधील मूलद्रव्यांच्या यादीत प्रकाश आणि ‘कॅलरिक’ हे उष्णताद्रव्य समाविष्ट केले. पुढे भौतिकीविज्ञ काउंट रम्फर्ड यांनी बोथट हत्याराने तोफेची नळी कोरताना केवळ घर्षणाने पाणी उकळून दाखविले. या प्रयोगावरील त्यांच्या 1798 मधील निबंधाने कॅलरिकच्या कल्पनेला धक्का बसला. अंतराळवीरांच्या वजनरहित अवस्थेसाठी आता ‘वेटलेसनेस’ ही संज्ञा रूढ आहे. ‘इम्पॉन्डरेबल’ हे विशेषण मात्र निवडणूक, युद्ध यांसारख्या प्रसंगी अंदाज बांधता न येणाऱ्या घटकांसाठी आजही वापरतात.